कुंडी बदलल्यावर जेडचं झाड मलूल झालंय? आधी झारी खाली ठेवा

नर्सरीतून जेडचं गुटगुटीत रोप आणलं, हौसेने छान कुंडीत लावलं, आणि दहा-बारा दिवसांत त्याची रया गेली. पानं मऊ पडली, सुरकुतली, हात लागताच एखाददुसरं गळून पडायला लागलं. अशा वेळी घरातला जो कोणी ते पाहतो तो पाणी घालतो. दोन दिवसांनी आणखी पानं गळतात. मग कोणीतरी सांगतं म्हणून मूठभर खत पडतं, ऊन कमी पडत असेल म्हणून कुंडी गच्चीवर जाते, आणि महिनाभरात खोड बुडापासून काळं पडतं.

गेली काही वर्षं पुण्यातल्या माझ्या बाल्कनीत सक्युलंट, म्हणजे जाड पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी झाडं, वाढवते आहे, आणि ओळखीच्या घरांतून ‘बघ गं, वाचतंय का’ म्हणून कुंड्या येत असतात. एवढ्या अनुभवावरून एक गोष्ट खात्रीने सांगते. कुंडी बदलल्यामुळे मेलेलं जेड मी फार क्वचित पाहिलं आहे. कुंडी बदलल्यानंतरच्या पंधरा दिवसांत काळजीपोटी घातलेल्या पाण्याने गेलेली जेड मात्र पुष्कळ पाहिली. म्हणून या लेखात पाणी कसं घालायचं याआधी ते कधी घालायचं नाही हे येईल.

मी जेडबद्दल लिहिते आहे, कारण सुरुवात करणाऱ्या बहुतेकांकडे तेच असतं. एचेवेरिया, सेडम, हॉवर्थिया या दुसऱ्या सक्युलंटनाही हीच रीत लागू पडते, फरक असेल तिथे सांगेन. निवडुंग, शेर अशी चीक असलेली झाडं आणि अडेनियम यात धरू नका. त्यांचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, त्यामुळे ती छाटायची तर हातमोजे घालूनच.

कुंडी बदलताना आत काय घडतं

जेडची जाड मुळं झाडाला धरून ठेवतात. पाणी पिण्याचं काम टोकाकडची केसांसारखी बारीक मुळं करतात. रोप उपटून जुनी माती झटकली की नेमकी तीच तुटतात. वरून झाड धडधाकट दिसतं, पण खाली त्याचं तोंड काही दिवसांसाठी मिटलेलं असतं. तेवढे दिवस ते पानांत साठवलेल्या पाण्यावर काढतं. पानं सुरकुततात ती त्यामुळे. पानं जाड असण्याचं कारणच हे आहे: जेड मूळचं दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिकमधलं, खडकाळ कोरड्या उतारांवर वाढणारं. पाऊस नसेल तेव्हा साठा वापरायचा, हा त्याचा नेहमीचाच शिरस्ता.

आणखी एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. आपली तुळस किंवा जास्वंद दिवसा पानांची छिद्रं उघडते, त्यातून पाणी उडून जातं आणि मुळं खालून नवं पाणी ओढतात. जेड दिवसा छिद्रं जवळजवळ बंद ठेवतं आणि रात्री गारव्यात उघडतं. कार्बन डाय-ऑक्साइड रात्री घेऊन साठवायचा आणि दिवसा उजेड मिळाला की अन्न बनवायचं, अशी ही पद्धत. शास्त्रज्ञांनी तिला जेडच्याच कुळाचं, म्हणजे क्रासुलेसीचं नाव दिलं आहे. याचा आपल्याशी संबंध असा, की जेड मातीतून पाणी फार हळू ओढतं. त्यात मुळं तुटलेली असतील तर ओढतच नाही. मग घातलेलं पाणी मातीत तसंच राहतं, मातीतल्या हवेच्या जागा भरून टाकतं, आणि मुळांची तुटलेली टोकं त्या ओलीत कुजायला लागतात. जे पाणी झाडाला पिता येत नाही, त्यात ते फक्त भिजत बसतं.

पहिला दिवस: फक्त बघा

उदबत्ती जळून गेल्यावर उरते ती बांबूची काडी घ्या. कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटं ठेवा, काढून गालाला लावून पाहा. गार लागली किंवा माती चिकटून आली तर आत ओल आहे. वरची माती कोरडी दिसते म्हणून फसू नका; कुंडीचा वरचा दोन बोटांचा थर दोन दिवसांत सुकतो आणि तळ पंधरा दिवस ओला राहू शकतो. कुंडी हातात उचलायचीही सवय लावा. कोरडी कुंडी आश्चर्य वाटावं इतकी हलकी लागते, आणि महिन्याभरात हाताला तो फरक कळायला लागतो.

मग पानं. एक पान दोन बोटांत हलकेच दाबा. सुरकुतलेलं, लवचिक, पातळ झालेलं पण हिरवंच असेल तर झाड तहानलेलं आहे. पिवळट, काचेसारखं आरपार दिसणारं, दाबल्यावर पाणी सुटणारं असेल तर आत सड सुरू आहे. तळाची दोन-चार पानं कागदासारखी वाळून गेली तर काळजी नको, झाड जुन्या पानांतलं पाणी काढून घेऊन ती टाकून देतं.

शेवटी खोड. मातीच्या अगदी लगत, अंगठ्याने. टणक लागलं तर निम्मी काळजी तिथेच संपली. मऊ, काळपट, दाबल्यावर आत जाणारं असेल तर आजच्या आज उपटायचं आहे.

नवखे लोक जिथे चुकतात ती जागा अशी. सुरकुतलेल्या पानांचे दोन अर्थ होतात. माती कोरडी आणि पानं सुरकुतलेली, तर झाडाला पाणी हवंय. माती ओली आणि पानं सुरकुतलेली, तर पाणी भरपूर आहे, ते प्यायला मुळं उरलेली नाहीत. दोन्ही झाडं वरून अगदी सारखी दिसतात. एकाला पाणी दिलं तर ते चार दिवसांत टवटवीत होतं, दुसऱ्याला दिलं तर मरतं. म्हणून काडी आधी आणि झारी नंतर.

तुमचं झाड कुठल्या गटात?

खोड टणक, माती कोरडी, पानं सुरकुतलेली, आणि कुंडी बदलून आठवडा झालाय: या झाडाला काही झालेलं नाही. एकदा भरपूर पाणी द्या, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि सावलीत, पण उजेडात ठेवून द्या. आठवडा झाला नसेल तर तो पुरा होऊ द्या.

कधी कधी माती इतकी वाळलेली असते की पाणी कडेने सरळ खाली वाहून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, एकदा खडखडीत सुकलं की ते पाणी लवकर धरत नाही. अशी कुंडी घमेल्यात चार बोटं पाणी घेऊन वीस मिनिटं ठेवा, मग बाहेर काढून पूर्ण निथळू द्या.

फक्त उन्हाकडच्या बाजूची पानं पांढरट किंवा तपकिरी डागांची झाली असतील तर ते ऊन लागणं आहे. नर्सरीत हिरव्या शेडनेटखाली वाढलेलं रोप आपण एकदम गच्चीवर नेतो, तेव्हा हे होतं. कुंडी हलवा, बाकी काही करू नका. ते डाग जाणार नाहीत, पण नवी पानं चांगली येतील.

झाड उंच, किडकिडीत, पानांत लांब अंतर पडलेलं: उजेड कमी. याला घाई नाही. आधी मुळं धरू दे, मग उजेडाचं बघू.

माती ओली आणि पानं सुरकुतलेली किंवा आरपार दिसणारी, किंवा खोड मऊ: पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

उपटून पाहणं

पुन्हा उपटायचं म्हटलं की लोकांचा धीर होत नाही. ‘आत्ताच तर लावलंय, परत त्रास कशाला?’ पण सडणारी मुळं ओल्या मातीत ठेवणं हाच मोठा त्रास आहे, आणि इथे एक दिवसही थांबू नये.

कुंडी आडवी करा, कडेने थापट्या द्या, झाड खोडाशी धरून अलगद बाहेर घ्या. खेचू नका. आलेला गोळा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा आणि हाताने मोकळा करा. नर्सरीतल्या रोपात इथे दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे लाल मातीचा घट्ट गोळा. वाहतुकीत रोप हलू नये म्हणून तो बरा असतो, पण सुकला की विटेसारखा होतो आणि भिजला की चिखल. आपण तो तसाच नव्या मिश्रणात ठेवतो, मग बाहेरचं मिश्रण सुकतं, आतला गोळा ओला राहतो, आणि मुळं नेमकी त्या गोळ्यातच असतात. दुसरी म्हणजे मुळांभोवतीची बारीक जाळी किंवा कापडाची पिशवी. रोप लहान असताना ती लावलेली असते आणि तशीच राहून जाते. ती कातरीने उभी कापून अलगद काढा. भेट म्हणून मिळालेल्या शोभेच्या कुंड्यांत वरचे खडे गोंदाने चिकटवलेले असतात, तेही काढा.

आता मुळं. चांगली मुळं पांढरी किंवा फिकट तपकिरी, ओढली तर ताण देणारी. सडलेली काळपट, बुळबुळीत, ओढली की वरचं साल हातात येतं आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. वास घ्या. चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास असतो, सडलेल्या मुळांना तुंबलेल्या गटाराचा.

मुळांवर किंवा कुंडीच्या आतल्या बाजूला कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण असू शकतात. मातीत मिसळलेले परलाईटचे (पाणी निथळावं म्हणून घालतात त्या हलक्या खनिजाचे) पांढरे दाणे आणि हे यात गल्लत होते; दाणा बोटांत दाबला तर भुगा होतो, ढेकूण चिरडतो आणि चिकट लागतो. असतील तर सगळी माती टाकून द्या, मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, कुंडी साबणाने घासून उन्हात वाळवा. खोडावर आणि पानांच्या बेचक्यात दिसणाऱ्यांवर औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट कानकोरण्याच्या कापसाने लावा. एचेवेरियाच्या पानांवर मात्र पांढरट पूड असते, ती तिचं उन्हापासूनचं संरक्षण आहे. स्पिरिटने किंवा बोटाने पुसली तर त्या पानावर परत येत नाही.

छाटणं आणि वाळवणं

धारदार कात्री किंवा नवं ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या. काळं, मऊ ते सगळं काढा. अर्धवट ठेवलं तर सड तिथूनच पुन्हा वर चढते. खोडावर सड गेली असेल तर पातळ चकत्या कापत वर जा, आतला भाग स्वच्छ हिरवट-पांढरा दिसेपर्यंत. मध्ये एक तपकिरी ठिपका जरी दिसला तरी आणखी एक चकती. दर कापाला पातं पुसा. सगळी मुळं कापावी लागली तरी घाबरू नका, जेड खोडातून नवी मुळं फोडतं.

कापल्यावर लगेच लावायचं नाही. हवेशीर सावलीत, कोरड्या कागदावर आडवं ठेवून द्या. जखमेवर सुकलेली खपली धरली पाहिजे. बारीक मुळंच कापली असतील तर उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात तीन-चार दिवस पुरतात. जाड खोड कापलं असेल तर आठ-दहा दिवस, पावसाळ्यात आणखी थोडे. हवा दमट असेल तर पंख्याखाली ठेवा. या दिवसांत पानं अजून सुरकुततील. सुरकुतू देत.

कापलेल्या जागी हळद किंवा दालचिनीची पूड लावायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. मीही दालचिनी लावते, जखमेवरची ओल त्याने लवकर टिपली जाते. पण खरं औषध कोरडी हवा आणि दिवस हेच. पूड लावून ओल्या मातीत खोचलेली फांदी सडतेच.

मिश्रण

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या, कारण एकदा मिश्रण जमलं की पाण्याच्या निम्म्या चुका माफ होतात.

आपल्याकडची काळी माती कापसाला आणि ज्वारीला उत्तम, पण सक्युलंटच्या कुंडीत ती नको. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते, सुकली की आक्रसून भेगा पडतात, आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. नर्सरीत पोत्याने मिळणारी लाल माती त्यापेक्षा बरी, पण नुसती वापरायची नाही.

माझं नेहमीचं प्रमाण पाच वाट्यांचं आहे: दोन वाट्या विटांचा चुरा, एक वाटी जाड वाळू, एक वाटी चाळलेली लाल माती आणि एक वाटी कोकोपीट. एरवी कोकोपीटच्या जागी अर्धं गांडूळखत असतं, पण आजारी झाडाला खत अजिबात घालत नाही. तुटलेल्या मुळांना ते सोसत नाही आणि ओलही धरून ठेवतं.

विटांचा चुरा घरी करता येतो. बांधकामावर पडलेल्या लाल भाजक्या विटा घ्या, राखाडी सिमेंटच्या नको. पोत्यात घालून हातोडीने फोडा. हरभऱ्याच्या डाळीपासून वाटाण्यापर्यंतचे तुकडे ठेवा, बाकीची पूड चाळून टाकून द्या. ही चाळणी टाळू नका. पूड राहिली तर ती दोन पाण्यांत तळाशी बसते आणि मिश्रणाचा सिमेंटचा गिलावा होतो. वाळूही अशीच चाळायची आणि वरचे जाड कण घ्यायचे. समुद्रकिनाऱ्याची वाळू आणू नका, तिच्यात मीठ असतं. विटा फोडायला जागा नसेल तर परलाईट घ्या. महाग पडतं, हलकं असतं, पण काम तेच करतं.

तयार मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर माती जास्त झाली आहे, आणखी एक वाटी चुरा घाला. आपोआप विस्कटला तर जमलं.

कुंडी आणि लावणं

भाजक्या मातीची कुंडी, तळाला भोक असलेली. चिनीमातीचे सुंदर कप आणि काचेचे वाडगे भोक नसताना वापरू नका, निदान आजारी झाडासाठी तरी नाही. कुंडीचं माप उरलेल्या मुळांवरून ठरवा, झाडाच्या पसाऱ्यावरून नाही. मुळांच्या चारी बाजूंना बोटभर जागा राहील एवढीच. निम्मी मुळं छाटली असतील तर आधीच्यापेक्षा लहान कुंडी लागते, आणि ती खुशाल घ्या. मोठ्या कुंडीत ज्या मातीपर्यंत मुळं पोचत नाहीत, ती नुसती ओल धरून बसते.

तळाच्या भोकावर एक खापरी पुरे, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. तळाशी खडीचा थर घातला की पाणी चांगलं निघतं असं सर्रास सांगितलं जातं, मीही बरीच वर्षं घालत होते. प्रत्यक्षात वरच्या बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहजी उतरत नाही. माती गच्च भिजेपर्यंत ते वरच अडकून राहतं. म्हणजे खडी घातली की ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकापासून काठापर्यंत एकच मिश्रण भरा.

लावताना मिश्रण कोरडं असू द्या. झाड मध्ये धरा, चारी बाजूंनी मिश्रण सोडा, कुंडी जमिनीवर दोन-तीनदा आपटा, म्हणजे ते मुळांत आपोआप बसेल. बोटांनी ठासू नका. खोडाचा जेवढा भाग आधी मातीत होता तेवढाच आताही, जास्त खोल नाही.

जेडचा वरचा भार मोठा असतो आणि मुळं छाटल्यावर ते डुलायला लागतं. हलतं झाड मूळ धरत नाही, कारण फुटलेलं प्रत्येक कोवळं मूळ त्या हलण्याने तुटतं. बाजूला एक काठी रोवा आणि जुन्या सुती कापडाच्या पट्टीने सैलसर बांधा. फांद्या फारच वजनदार असतील तर एक-दोन छाटून टाका. त्यांचीही रोपं होतील.

पहिलं पाणी आणि पुढची पाणी

लावल्यावर पाच ते सात दिवस पाणी नाही. फवारणीही नाही. पानांवर पाणी शिंपडून जेडला काही मिळत नाही, बेचक्यात ओल साचते तेवढीच.

आठवड्याने पहिलं पाणी, मुळं चांगली राहिली असतील तर भरपूर, तळातून निघेपर्यंत. ताटलीत जमलेलं ओतून टाका. मुळं सगळी कापली असतील तर पहिल्यांदा कडेकडेने अर्धी वाटी पुरे. त्यानंतर काडी तळापर्यंत कोरडी निघाली की आणखी दोन-तीन दिवस थांबून मगच पुढचं पाणी. ‘आठवड्यातून एकदा’ असा नियम करू नका. तो कुठल्याच कुंडीला वर्षभर लागू पडत नाही.

माझी आई चिपळूणला असते. तिच्याकडचं आणि माझ्याकडचं जेड एकाच झाडाच्या फांद्या आहेत, मिश्रणही मीच करून दिलेलं. ऑगस्टमध्ये माझी कुंडी सहा-सात दिवसांत सुकते, तिची पंधरा दिवस झाले तरी तळाला ओलीच. चिपळूणला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात 700 च्या आसपास. झाडाला हा फरक पावसात न भिजताही हवेतून कळतो. तिचा फोन आला, ‘अगं, तीन आठवडे झाले, घालू का आता?’ की मी विचारते, ‘काडी काय म्हणते?’ पावसाळ्यात तिच्याकडे महिन्यातून एखादंच पाणी होतं, आणि मिश्रणात चुऱ्याची एक वाटी जास्त असते. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी तेवढं करावं. जूनपासून कुंडी पागोळ्यांपासून दूर, छताखाली ठेवावी.

विदर्भ-मराठवाड्यातली अडचण उलटी. तिथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा जेड आणि एचेवेरिया वाढणं जवळजवळ थांबवतात. कोरडं दिसतं म्हणून भर दुपारी पाणी दिलं तर तापलेल्या कुंडीत मुळं उकडतात. संध्याकाळी उशिरा द्या, कमी द्या, आणि त्या दिवसांत कुंडी बदलायला तर घेऊच नका. सड नसेल तर कुंडी बदलायचं काम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळात करावं. हवा कोरडी, गारवा माफक, मुळं पटकन धरतात.

जागा

पहिले तीन आठवडे उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. अंधाऱ्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी ‘आराम’ करायला ठेवू नका. उजेडाशिवाय अन्न बनत नाही आणि अन्नाशिवाय मूळ फुटत नाही. हवा खेळती हवी. पश्चिमेची बाल्कनी असेल तर 50 टक्के सावलीची शेडनेट लावा.

नवी पालवी दिसल्यावर हळूहळू ऊन वाढवा: आधी सकाळचा एक तास, आठवड्याने दोन. जेडला पुढे चार-पाच तासांचं सकाळचं ऊन मानवतं, एचेवेरियाला त्याहून थोडं जास्त. हॉवर्थियाला मात्र कडक ऊन कधीच नको. ती रानात झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाला वाढते.

घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर जेड उंचावर ठेवा. पानं खाल्ली तर त्यांना उलट्या होतात.

बरं होतंय हे कसं कळेल?

पहिले दोन आठवडे काहीच दिसणार नाही. हे दिवस अवघड जातात, मला अजूनही जातात. रोज उपटून मुळं आली का बघू नका, रोज कुंडी फिरवू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खोडाला अगदी हलका धक्का देऊन पाहा. माती धरून राहिलं तर मुळं फुटली आहेत. त्यानंतर पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत सुरकुत्या भरायला लागतात, आणि मग फांदीच्या टोकाला जोंधळ्याएवढी चकचकीत पानांची जोडी दिसते. काही जुनी पानं सुरकुतलेलीच राहतील आणि गळतील, त्यांच्याकडे पाहू नका. टोकाकडे पाहा.

खत या नव्या पालवीनंतर किमान दोन महिन्यांनी, तेही चिमूटभर गांडूळखत वरच्या थरात.

बुंधाच गेला असेल तर

कापत कापत वर गेलात आणि खोडभर तपकिरी ठिपका सापडतच राहिला, तर वरच्या निरोगी फांद्या वाचवा. चार बोटं लांबीची फांदी कापा, खालची पानं काढा, आठ-दहा दिवस वाळवा, कोरड्या मिश्रणात दोन बोटं खोचा. मुळं तीन ते चार आठवड्यांत येतात. एचेवेरियाचा फुलासारखा दिसणारा वरचा पानांचा गुच्छ असाच दोऱ्याने किंवा ब्लेडने कापून लावता येतं.

फांद्याही नसतील तर पानं. आपल्या पानफुटीचं पान मातीवर पडलं की त्याच्या कडेला पिल्लं येतात, ते लहानपणी सगळ्यांनी पाहिलंय. जेड त्याच कुळातलं, फक्त त्याला पिल्लू कडेला न येता देठाच्या टोकाशी येतं. म्हणून पान तोडताना देठासकट, डावीउजवीकडे हलवत सुटं करा. अर्धवट तुटलं तर फुटत नाही. तीन-चार दिवस वाळवा आणि मिश्रणावर नुसतं आडवं ठेवा, पुरू नका. दोन-तीन आठवड्यांत गुलाबी-पांढरी धाग्यासारखी मुळं येतील, तेव्हा त्यांच्यावर थोडं मिश्रण भुरभुरवा आणि वरचा थर चार-पाच दिवसांतून एकदा चमच्याने ओलावा. पिल्लू दिसायला एक ते दोन महिने लागतात. जुनं पान आक्रसत जाईल. ते लगेच ओढून काढू नका, पिल्लू अजून त्याच्यातलंच पाणी पितंय. पान पूर्ण वाळून स्वतःहून सुटलं की पिल्लाला चहाच्या कपाएवढी, भोक असलेली कुंडी द्या.